ऑर्लिन बाउरचे तीन कोयोट

आमच्या काउंटीत कोयोटाच्या बाबतीत माणूस खोटं बोलत नाही. बायकोशी बोलेल, पाद्र्याशी बोलेल, गुरांच्या वजनाबद्दल तर देवासमोरसुद्धा बोलेल. पण कोयोट, म्हणजे आमच्या माळावरचा रानकोल्हा, कोणी मारला, कुठे मारला आणि किती पावलांवरून मारला, हे सांगताना त्याच्या तोंडून सत्यच बाहेर पडतं. म्हणून दर फेब्रुवारीत, शिकारीच्या स्पर्धेचा निकाल लावण्याआधी, आम्ही दोनशे मैलांवरून खोटं पकडणारं यंत्र मागवतो.

यंत्राबरोबर क्लिफ्टन वेअर नावाचा एक निवृत्त पोलीस येतो. अग्निशमन दलाच्या हॉलमागे जी सामानाची खोली आहे, तिथे होजपाइपांच्या वेटोळ्यांमध्ये तो टेबल मांडतो. जिंकणाऱ्याच्या छातीला पट्टा, दंडाला पट्टा, बोटांना चिमटे, आणि पाच प्रश्न. बाहेर हॉलमध्ये बाकीचं गाव चिली, म्हणजे मांसाचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल खात वाट बघतं. प्रार्थनेला एवढी शांतता नसते.

त्या वर्षी आत जायची पाळी माझ्या सासऱ्यांची आणि त्यांचा जोडीदार म्हणून माझी होती.

ऑर्लिन बाउर, वय अठ्ठ्याहत्तर. स्पर्धेत सत्तरी उलटलेल्यांसाठी वेगळं बक्षीस असतं, कमरपट्ट्याचं चांदीचं बक्कल. अट एकच: दीड दिवसात तीन कोयोट, स्वतःच्या गोळीने. ऑर्लिननी तीन आणले होते. अडचण एवढीच होती की तिन्ही मी मारले होते.

आणि हे ऑर्लिनना माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरने त्यांना सांगितलं की पडदा मधोमध खराब झालाय, कडांनी तेवढं दिसत राहील. म्हणजे समोर माणूस उभा राहिला तर त्याची टोपी दिसते, बूट दिसतात, माणूस दिसत नाही. माझी बायको रोंडा, त्यांची एकुलती एक, त्याच संध्याकाळी त्यांच्या गुरांच्या रँचवर जाऊन बसली. रँच गावापासून सव्वीस मैल. सासूबाई गेल्यापासून ते तिथे एकटेच.

"बाबा, आमच्याकडे चला. मागची खोली आहे."

"आणि तिथे काय करू? मास्तरच्या वह्या तपासू?"

मास्तर म्हणजे मी. शाळेत इतिहास शिकवतो. या हाकेत आदर शोधू नये.

"बर्फावर घसरलात तर? तीन दिवस कोणाला कळायचं नाही."

"हे बघ रोंडे, कोयोट मारता येतोय तोवर मी माझ्या घरी. ज्या हिवाळ्यात एकही पडणार नाही, त्या हिवाळ्यात रायफल तुझ्या हातात देईन आणि मुकाट गाडीत बसेन. झालं समाधान?"

"शब्द?"

"शब्द."

नोव्हेंबरात आम्ही दोघे पहिल्यांदा गेलो. सेजच्या झुडपांत बसलो, ऑर्लिननी पुंगी तोंडाला लावली आणि जखमी सशाचं रडणं काढलं. हा आवाज काउंटीत दुसऱ्या कोणाला काढता येत नाही. ऐकताना आपल्यालाच उठून सशाला सोडवावंसं वाटतं. सहाव्या मिनिटाला ओढ्याच्या काठाने एक कोयोट आला. सत्तर पावलांवर थांबला. ऑर्लिननी मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने तो हुडकला, गोळी झाडली आणि कोयोटापासून दोन हात लांब धूळ उडाली. त्याच श्वासात मीही झाडली. का झाडली ते विचारू नका. हात आधी गेला. माझ्या रायफलीला सायलेन्सर आहे. त्यांची जुनी रायफल अशी दणाणते की पुढची दोन मिनिटं त्यांना स्वतःचं नावही ऐकू येत नाही.

"पडला?" त्यांनी विचारलं.

"पडला."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

त्यानंतर मी नेहमी त्यांच्या उजवीकडे, चार पावलं मागे बसू लागलो. त्यांचा श्वास थांबला की मी माझा थांबवायचो. त्यांचं बोट आवळलं की माझं. माझा नेम तोवर बेताचाच होता. दोन हिवाळ्यांत तो इतका सुधारला की मला स्वतःची भीती वाटावी. पण सांगणार कोणाला? गावाच्या हिशेबी मी दोन वर्षांत एक केसाळ शेपूटही पाडली नव्हती.

"मास्तर, तुम्ही रायफल कशाला वागवता?" खतांच्या दुकानातला डेल हूप्स विचारायचा. "थर्मास धरायला दोन्ही हात मोकळे नकोत का?"

त्यांच्यासाठी गोळी झाडण्यात माया किती आणि आमची मागची खोली किती, हे मी कधी तपासून पाहिलं नाही. त्या खोलीत माझं टेबल आहे. भिंतीला सहा रायफली आहेत. वह्या तपासून झाल्या की मी तिथे बसतो, नळीतून तेलाचा बोळा फिरवतो, एकेका काडतुसात दारू मापून भरतो, आणि दीड तास जगात कोणालाच माझ्याकडून काही नको असतं. हे सुख गोळी झाडण्यापेक्षा मोठं आहे. त्या खोलीत पलंग घालायची कल्पना मला सहन होत नव्हती.

स्पर्धेच्या रविवारी दुपारी, हॉलसमोर गाडी उभी करताना मी म्हटलं, "बक्कल नको मागायला. कशाला त्या यंत्राच्या भानगडीत पडायचं?"

"ज्याने काही केलंय त्याने यंत्राला भ्यावं," ऑर्लिन म्हणाले.

आधी ते आत गेले. नऊ मिनिटांनी खुशीत बाहेर आले. "पाच प्रश्न, पाच उत्तरं. पोरगा बरा आहे, हात तेवढे गार आहेत त्याचे."

मग मी. पाचवा प्रश्न होता: "बक्कलासाठी दाखवलेले तिन्ही कोयोट ऑर्लिन बाउर यांनी स्वतः मारले का?"

"हो," मी म्हटलं.

वेअरने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी टिपलं. माझी छाती अगदी शांत होती. बावीस वर्षं मी नववीच्या मुलांना न डगमगता सांगत आलो आहे की इतिहास पुढे आयुष्यात उपयोगी पडतो. सवय आहे.

मार्लिस होक ही स्पर्धेची सगळी व्यवस्था बघते. तिने निकालाचा कागद माइकपाशी नेला, वाचला आणि त्याची घडी घातली.

"हे आपण नंतर बघू."

"वाच गं," ऑर्लिन म्हणाले. "चिली गार होतेय."

"मास्तर पास." तिने घडी पुन्हा उलगडली. "ऑर्लिन, यंत्र म्हणतंय की पाचव्या प्रश्नाचं तुमचं उत्तर खरं नाही."

हॉलमध्ये एक चमचा कुणाच्या तरी वाडग्यात पडला. ऑर्लिन उठले. टोपी काढून हातात धरली.

"मी खोटं बोललो नाही."

डेल हूप्सकडे प्रत्येक गोष्टीवर टोमणा तयार असतो; तोही वाडग्यात बघत होता. मग तोच हळूच म्हणाला, "जाऊ दे, ऑर्लिनकाका. या वयात विसरायला होतं. कोणी मनावर घेत नाही."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

"विसरलो नाही. तीन गोळ्या झाडल्या, तीन पडले." ते डावीकडे वळले. "रोंडे, तुझा बाप खोटं बोलतो का?"

रोंडा त्यांच्या उजवीकडे बसली होती. "नाही, बाबा," ती म्हणाली, आणि आवाजाच्या दिशेने त्यांना अख्खं फिरावं लागलं. ते साऱ्या गावाने पाहिलं.

मी गप्प बसलो असतो तर त्यांचं घर राहिलं असतं आणि नाव गेलं असतं. बोललो तर उलट. आमच्या भागात आंधळ्याला शेजारी येऊन लाकडं फोडून देतात. खोटारड्याचा निरोपही कोणी नेत नाही. त्यांनी स्वतः काय निवडलं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि माझी पंचाईत तीच होती.

मी उभा राहिलो. "ते खरं बोलले. कोयोट मी मारले. त्यांच्या गोळीबरोबर मी गोळी झाडत होतो. त्यांना माहीत नाही."

ऑर्लिनचा चेहरा माझ्या टोपीकडे वळला.

"हे तिन्ही?"

"हो."

"मागच्या हिवाळ्यातले?"

"तेही."

"सगळे?"

"एक सोडून. तो आपल्या पिकअपखाली आला होता."



"टेकाडावरचा तो मोठा नर," ते म्हणाले. "दोनशे पावलांवरचा. आडवा वारा होता त्या दिवशी. तोही तूच?"

"हो."

"हं." त्यांनी टोपीची कड बोटांनी चाचपत एक फेरा पूर्ण केला. "चांगली गोळी होती."

बावीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मला खाली बसता येईना.

"पण कोयोटांना बोलावलं तर मीच ना?"

"तुम्हीच, बाबा. मला कुठे बोलावता येतंय?"

हॉलमध्ये शिरताना प्रत्येकाने रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, काढून जवळ ठेवायचा असा नियम आहे. ऑर्लिननी कोटाच्या खिशातून आपला काढला, रोंडाचा हात शोधला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. "रायफल गाडीत आहे. शब्द म्हणजे शब्द."

रोंडाने मूठ मिटली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू घरी चल. मग बोलते तुझ्याशी."

ती बोलली. ते इथे सांगण्याजोगं नाही.

बक्कल त्या वर्षी कोणालाच मिळालं नाही. माझ्यावर पाच वर्षांची बंदी आली. डेल आता मला काही चिडवत नाही, आणि त्याची मला सवय व्हायची आहे. मार्चमध्ये आम्ही माझं टेबल गॅरेजमध्ये हलवलं आणि मागच्या खोलीत पलंग घातला. ऑर्लिन सकाळी खिडकीशी बसतात, जेवताना मीठ मागतात, तक्रार करत नाहीत. ती केली असती तर मला सोपं गेलं असतं.

मे महिन्यात दवाखान्यासाठी त्यांचे कागद लावताना खोटं पकडायच्या त्या चाचणीच्या संमतीपत्राची प्रत हाती आली. हृदयाचे ठोके आवरायच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीच्या चाचणीचा निकाल ग्राह्य धरू नये, असं तिच्या मागच्या बाजूला छापलेलं आहे. ऑर्लिन नऊ वर्षांपासून रोज सकाळी एक घेतात. तो फॉर्म मी भरला होता, मागची बाजू न वाचता.