पत्त्याची चौकशी

साधना रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती तेव्हा मोबाइलवर बँकेचा निरोप आला. तिचा क्रेडिट कार्डाचा अर्ज नामंजूर झाला होता. कारण काही दिलं नव्हतं. अमरावतीच्या त्या लॅबमध्ये ती जवळपास तीन वर्षं नोकरी करत होती, पगार बँकेत जमा होत होता, कुणाचा एक रुपया तिच्याकडे अडकलेला नव्हता. मग नाही का म्हणावं? दुपारच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती शाखेत गेली.

पौर्णिमा नावाची तिच्याच वयाची अधिकारी समोर होती. तिने संगणकात पाहिलं आणि पडदा साधनाकडे वळवला. अकोल्याच्या पत्त्यावर माणूस चौकशीला गेला होता. पुढे लिहिलं होतं, 'अर्जदार येथे राहत नाहीत, असे घरातील महिलेने सांगितले.'

"घरी काही वाद आहे का?" पौर्णिमाने हळूच विचारलं.

साधना नाही म्हणाली, पण तिचं तिलाच ते खरं वाटलं नाही. अकोल्याच्या घरात बाई एकच होती, तिची सासू तानुबाई.

पौर्णिमाने पुढचं समजावून सांगितलं. तीस दिवसांच्या आत फेरविचाराचा अर्ज करता येईल. मग माणूस परत जाईल. या वेळीही तोच जबाब आला तर अर्ज कायमचा बंद, आणि वर्षभर या बँकेत नवा करता येणार नाही. तीसपैकी आठ दिवस आधीच गेले होते.

साधनाला कार्ड चैनीसाठी नको होतं. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा सागर तापाने फणफणला, दोन दिवसांत नागपूरला हलवावा लागला. दवाखान्याच्या खिडकीवर आधी पैसे भरा म्हणाले. तिच्यापुढचा माणूस कार्ड देऊन मोकळा झाला आणि ती एकेका नातेवाइकाला फोन लावत भिंतीला टेकून उभी राहिली. दोन तास गेले. सागर वाचला नाही; पण तो त्या दोन तासांमुळे गेला नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं होतं. तिने ते ऐकून घेतलं होतं, एवढंच.

सागर गेल्यावर ती नोकरीसाठी अमरावतीत भाड्याच्या खोलीत राहायला लागली. दर शनिवारी संध्याकाळची एसटी धरून अकोल्याला जायची, सोमवारी पहाटे परतायची. मोर्णा नदीचा पूल ओलांडला की जुन्या शहरातल्या गल्लीत सासऱ्यांचं, उत्तमरावांचं घर. ते गावाबाहेरच्या जमिनीच्या तुकड्यात पालक-मेथी पिकवायचे आणि तानुबाई ती बाजारात विकायची. आधार कार्डावर, मतदार यादीत, सगळीकडे साधनाचा पत्ता तोच होता. म्हणून अर्जातही तिने तोच लिहिला. घरी मात्र सांगितलं नव्हतं. सून आता आपलंआपलं पाहायला लागली, असं कुणी म्हणू नये म्हणून.

लॅबमधल्या आरतीने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "त्या अर्जाच्या मागे लागू नको. आधारवरचा पत्ता बदल, अमरावतीचा टाक, दुसऱ्या बँकेत कर. सासूले विचारशीन त जे ऐकू येईन ते मंग न ऐकल्यासारखं करता येत नाही."

साधनाला ते पटलं. पण पत्ता बदलायच्या केंद्रासमोर ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा रांगेतून मागे फिरली. त्या घरातून आपलं नाव आपल्याच हाताने काढल्यासारखं तिला वाटत होतं. आणि तानुबाईने ते आधीच काढलं असेल तर? मग जुन्या गोष्टींचे वेगळेच अर्थ तिला दिसायला लागले. दिवाळीत साडी घेताना सासू म्हणाली होती, तुझी तू पसंत कर. धाकट्या दिराचं, गोपालचं, लग्न जमल्याचं तिला दोन दिवस उशिरा कळलं होतं. कामात तिचं लक्ष लागेना. एकदा दोन रुग्णांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होता होता राहिली.

त्या शनिवारी ती अकोल्याला गेली तर तिचं लोखंडी कपाट तिच्या आणि सागरच्या खोलीतून बाहेर ओसरीवर आलेलं. कुणी काही बोललं नाही. तिनेही विचारलं नाही. जेवताना तानुबाईने दोनदा भाकरी वाढली, ती तिने खाल्ली आणि रविवारचा अख्खा दिवस मेथीच्या जुड्या बांधण्यात काढला. सोमवारी एसटीत बसल्यावर तिला स्वतःचाच राग आला. तिने दिवस मोजले. अकरा उरले होते.

पुढच्या शनिवारी मूर्तिजापूर येईपर्यंत तिने वाक्यं जुळवली होती. घरात पाऊल टाकलं आणि ती सगळी विसरली. उत्तमराव खाटेवर बसून पालकाच्या जुड्या मोजत होते. तानुबाई बाजारातून नुकतीच आली होती, पायांवर पाणी घेत होती.

"आई, बँकेचा माणूस आला होता का?" साधनाने विचारलं.

"आलता," तानुबाई म्हणाली. "साधना सागर इथं राहते का म्हणे. म्या म्हटलं, नाही राहत."

"काहून म्हटलं असं?"

"राहतं का तू?"

तानुबाईने पाय पुसले आणि तिच्यासमोर येऊन बसली. आवाज चढलेला नव्हता, पण ती बोलत राहिली. तीन वर्षं झाली, तू रविवार काढून जातं. सणाले पाहुण्यासारखी येतं. तुह्या खोलीतली धूळ म्या झाडतो. अनोळखी माणूस दारात येऊन विचारते, कागदावर लिहून घेते, त मी काय खोटं सांगू? माणूस येणार हाय हे तरी तू मले सांगतलं होतं का?

"नाही सांगितलं," साधना म्हणाली. मग धीर करून म्हणाली, "कपाट बाहेर ठेवलं ना तुम्ही. मले वाटलं, आता माहं इथं काही नाही."

तानुबाईने उत्तमरावांकडे पाहिलं. हातातली जुडी खाली ठेवून ते बोलले. खोली गोपालला द्यायची ठरली होती. नवी सून येईल, तिला खोली लागेल. साधनाला कसं सांगावं हे दोघांनाही कळेना, म्हणून रोज उद्यावर गेलं.

ते ऐकून साधनाच्या डोळ्यांत पाणी आलंच. त्या खोलीच्या खिडकीत सागर दाढी करायचा. पण खोली मागायचा तिला हक्क वाटेना, आणि ती तशी रिकामी ठेवा म्हणणंही बरं नव्हतं.

"त्यानं अजून विचारलं होतं, तुमची कोण होय म्हणून," तानुबाई एकाएकी म्हणाली. "म्या म्हटलं, माही मोठी सून होय. ते नाही लिहिलं काय त्यानं?"

"नाही."

"मंग काय लिहिलं बहाद्दरानं," तानुबाई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

सोमवारी साधना थेट शाखेत गेली. फेरविचाराच्या अर्जात तिने काहीच लपवलं नाही. सध्याचा पत्ता म्हणून अमरावतीची खोली लिहिली, भाड्याचा करारनामा जोडला. कायमचा पत्ता अकोल्याचा. खाली चार ओळींत लिहिलं की नोकरीमुळे ती अमरावतीत राहते, सासरी दर आठवड्याला जाते, सासूने सांगितलं ते बरोबर होतं, चूक अर्ज भरताना तिचीच झाली. ते शेवटचं वाक्य खोडावं का, असं पौर्णिमाने विचारलं. साधनाने ते राहू दिलं. दोन्हीकडे चौकशी होणार होती, आणि या वेळी नाही आलं तर विषय संपला.

अमरावतीत घरमालकीण मनकर्णाबाईने माणसाला चहा पाजला आणि साधना भाडं कधीच चुकवत नाही हे तीनदा सांगितलं. अकोल्याला माणूस कधी जाणार ते बँकेने कळवलं नव्हतं. तानुबाई पाच दिवस बाजारात गेली नाही. रोजचा माल उत्तमरावांनी नेला आणि रोज निम्मा परत आणला. साधनाने नको म्हणून फोनवर दोनदा विनवलं, तरी तिने ऐकलं नाही. सहाव्या दिवशी तिचा फोन आला. माणूस येऊन गेला. या वेळी काय लिहितो ते तिने गोपालकडून मोठ्याने वाचून घेतलं, आणि मगच आपला अंगठा उमटवला.

त्यानंतर दहा दिवस काहीच कळलं नाही. मोबाइल वाजला की साधना हातातलं काम टाकून पाहायची, आणि निघायचा गॅसवाल्याचा निरोप. अकराव्या दिवशी एका पोराचं रक्त घेताना मोबाइल खिशात थरथरला. तिने सुई काढली, कापूस दाबून धरला, पोराच्या आईला अहवालाची वेळ सांगितली आणि मग पाहिलं. कार्ड मंजूर झालं होतं. मर्यादा तिने मागितली होती त्याच्या निम्मी होती.

ती जिन्यात जाऊन बसली. तिने अकोल्याला फोन लावला तर तो उत्तमरावांनी उचलला. तानुबाई बाजारात गेली होती. साधनाने सांगितलं ते त्यांना अर्धंच समजलं असावं. बरं झालं, म्हणाले, आणि मग विचारलं, "गोपालच्या खोलीले रंग द्यायचा हाय शनिवारी. येतं ना तू?"

"येते," ती म्हणाली.