पाचटाची आग

गेणबादादाच्या पत्राला रामहरीने उत्तर दिलं नव्हतं. पणदऱ्याला दोघा भावांची शेतं बांधाला बांध लागून. ऊस तुटल्यावर उंदीर-किडा मरावा म्हणून दादाने पाचट पेटवलं, वारं फिरलं, आणि रामहरीची फळाला आलेली डाळिंबाची बाग ठिबकच्या नळ्यांसकट जळाली. 'चूक माझी. शिव्या दे, पण बोल,' एवढंच दादाने रामहरीच्या बावड्याच्या घरी लिहून पाठवलं होतं. वाचनालयात जन्म गेलेल्या रामहरीने उत्तरं लिहिली आणि फाडली. एकात राग जास्त वाटे, दुसऱ्यात मोठेपणाचा आव.

आता दादा बारामतीच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात होता. अंगावर काढलेला फ्लू छातीत उतरला होता. रामहरी पोचला तेव्हा बाहेर बाकावर वहिनी कुशाबाई गुळवेलीच्या काढ्याचा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. पुतण्या अजितला बसवत नव्हतं.

डॉक्टर अनिता बाहेर आल्या. "विषाणूवरचं औषध चालू आहे. पण आता फुफ्फुसं नुसता विषाणू खराब करत नाहीये. त्याच्याशी लढणारी शरीराची ताकदच बेभान झालीय. तिला आवर घालणारं औषध द्यावं, असं आम्हाला वाटतं."

"म्हंजी ताकद कमी करायची?" कुशाबाई ताडकन उठली. "करोनापास्नं समदी वरडत्यात, इम्युनिटी वाढवा. मी दोन्ही वक्ताला काढा पाजला त्यास्नी! अन् तुमी हाय ती बी काढून घ्यायला निघाला व्हय?"

"सगळी नाही, मावशी. पण धोका आहे. दुसरा जंतू शिरला तर बळ कमी पडेल. फ्लूमध्ये या औषधाचा पुरावाही अजून पक्का नाही. पण ऑक्सिजन खाली चाललाय. लवकर सांगा."

"तात्या, तुमी म्हणाल तशी सही करतो," अजित रामहरीला म्हणाला. "घरात वाचणारा माणूस तुमीच."

"वाचणारा!" कुशाबाई फणकारली. "डाळिंबं बी पुस्तकात बघूनच लावली हुती." मग तिचा आवाज खाली आला. "भावजी, खरं सांगा. आगीचा राग मनात न्हाय न्हवं?"

रामहरी काचेकडे वळला. औषधाला हो म्हटलं आणि दादा गेला तर लोक म्हणतील, डाव साधला. नाही म्हटलं आणि गेला तर? मुळात आपल्याला खरंच राग नाही, हे त्याचं त्यालाच कुठं ठाऊक होतं?

काचेतून दादा दिसत होता. मास्कखाली छाती भात्यासारखी हलत होती. त्या दिवशी आग बांध ओलांडून आली, तेव्हा ओलं पोतं घेऊन पहिला आत शिरला होता तो दादाच. हाताला फोड येईपर्यंत झोडपत होता.

"डॉक्टर," रामहरी चाचरत म्हणाला, "आवर घातला, आणि विषाणू उरलेला असला तर?"

"म्हणूनच त्याचं औषध थांबवत नाही."

तो वहिनीकडे वळला. "वहिनी, आपली बाग किडीनं गेली का आगीनं?"

"आगीनं," ती कशीबशी म्हणाली.

"किडीसाठी लावलेली आग बांधावर थांबली नाही. दादाच्या छातीत तेच झालंय. आता ओलं पोतं मारायला पाहिजे. अजित, कर सही."

अजितने सही केली. "कमी-जास्त झालं तर सोडायची न्हाय तुमाला, भावजी," कुशाबाई म्हणाली, पण थर्मास तिने बाकाखाली सरकवला.

पुढचा काळ रामहरीने ऑक्सिजनचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राच्या टुणटुणीवर काढला. दार उघडलं की तो उठून उभा राही. आकडा घसरायचा थांबला, तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "घशात नळी घालायची वेळ टळली. औषधानं की नशिबानं, हे नाही सांगता येणार." रामहरीला ते प्रामाणिक उत्तर आवडलं.

दादा पणदऱ्याला घरी आल्यावर तो भेटून आला. दोघांनी चहा घेतला. दादा फोडांचे डाग पडलेल्या हातांकडे बघत राहिला, रामहरी कपाकडे.

बावड्याला परतल्यावर त्याने कागद ओढला. 'दादा, राग होता. दवाखान्यात तू जातोस असं वाटलं, तेव्हा तो कुठं गेला कळलं नाही. डाळिंबाची रोपं घेऊन येतोय, खड्डे कुठं घ्यायचे ते तू दाखव. यंदा पाचट पेटवू नकोस, कुजव. शिव्या समोरासमोर देईन.'

परत वाचलं तर फाडलं जाईल, म्हणून न वाचताच त्याने पाकीट चिकटवलं, पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेला आणि आत सोडून दिलं.