मठात न सापडलेले कागद

माझ्या कादंबरीच्या प्रस्तावनेत एक वाक्य आहे: 'ही हकीकत मला सांता क्लारा मठाच्या कपाटातल्या जुन्या कागदांत सापडली.' ते खोटं आहे. त्या कामासाठी मी मठाची पायरीसुद्धा चढले नव्हते. पण आमच्या ऐतिहासिक कादंबरीवाल्यांत प्रत्येकाला कुठे ना कुठे कागद सापडतातच. कुणाला पेटाऱ्यात, कुणाला मेलेल्या पाद्र्याच्या उशीखाली. वाचकालाही ते ठाऊक असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

खरी हकीकत मला सापडली माझ्याच स्वयंपाकघरात. पोन्सियाना रोज सकाळी दारावर चापला घेऊन यायची. चापला म्हणजे आमच्या आयाकुचो गावचा पाव, आतून अगदी पोकळ. सदुसष्ट वर्षांची बाई, पाठीवर टोपली, आणि जीभ अशी की भल्याभल्यांनी वाट बदलावी. चुलीशी बसून काढा पिता पिता तिने मला सगळं सांगितलं होतं. स्वातंत्र्याच्या लढाईच्या वर्षी ती सतरा वर्षांची होती. पाद्रीबाबांनी चिठ्ठी लिहून पावाच्या पोकळीत घातली, आणि तिला वाचता येत नाही म्हणून दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. परक्या राजाच्या शिपायांनी तिला वाटेत अडवलं. हवालदाराचा हात नेमका त्याच पावाकडे गेला. पोरीने झटकन तो उचलला आणि कागदासकट खाऊन टाकला. शिपाई तिच्या हावरटपणाला हसले आणि त्यांनी तिला सोडलं. डोंगरापलीकडे आपल्या सैन्याच्या तळावर जाऊन तिने ती चिठ्ठी तोंडपाठ म्हणून दाखवली.

मी त्या पोरीची लिओनोर केली. मार्किसची, म्हणजे बड्या सरदाराची, गोरीपान लेक. राजधानी लिमाच्या वर्तमानपत्रात प्रकरणं छापून येऊ लागली आणि तिथल्या बायका रडल्या म्हणे. पुढे मी लोकांना सांगायची की संपादकाच्या आग्रहामुळे नायिका बदलावी लागली. संपादकाने अवाक्षर काढलं नव्हतं. पाववालीसाठी कोण रडणार, असं मलाच वाटलं होतं.

पोन्सियानाने ते प्रकरण हट्टाने माझ्याकडून वाचून घेतलं.

"ही लिओनोर कोण?"

"तूच की गं. कादंबरीत नावं बदलतात."

"माझी टोपली?"

"तिला टोपली नाही. ती बग्गीतून जाते."

"त्या चढावर बग्गी? बाई, तिथं गाढव रडतं!" ती खो खो हसली. मग म्हणाली, "पाव तरी तीच भाजते ना?"

"तिची मोलकरीण भाजते."

"हां. म्हणजे ती मोलकरीण मी."

मीही हसले. ते हसू आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

अठराशे चौऱ्याहत्तर साली लढाईला पन्नास वर्षं झाली. त्या युद्धातली हयात माणसं झेंड्यामागे चालणार, चौकात एकेकाचं नाव पुकारणार आणि साऱ्या गावाने 'हजर!' म्हणून ओरडायचं, असं नगरपालिकेने ठरवलं. पोन्सियाना नवा घागरा नेसून माझ्याकडे आली.

"बाई, मला दुसरं काही नको. एकदा नाव पुकारू दे. नवरा मरेस्तोवर मला थापाडी म्हणाला. पाद्रीबाबा गेले, तळावरचे गेले. आता माझं खरं सांगणारी तुम्हीच."

मी तिच्याबरोबर गेले. नगराध्यक्ष इहिनियोसाहेबांच्या टेबलावर मखमलीची पेटी उघडी होती. आत सोन्याची लेखणी. त्याच सोहळ्यात गावातर्फे मला ती द्यायची होती.

पोन्सियानाचं ऐकून ते म्हणाले, "अगं म्हातारे, ही तर लिओनोरबाईंची गोष्ट! शेंबड्या पोरालाही पाठ आहे. कुणाच्या तरी ओसरीवर कादंबरी ऐकलीस आणि आलीस होय मिरवायला? आमच्या सासूबाई तर म्हणतात, लिओनोर त्यांची मावशीच." मग माझ्याकडे वळून हसले. "मेल्चोराबाई, तुम्हीच सांगा. कागद मठात सापडले ना?"

खोलीत चारपाच प्रतिष्ठित माणसं होती. नाही म्हणायचं म्हणजे त्यांच्यासमोर स्वतःला खोटारडी म्हणायचं. पोन्सियाना माझ्याकडे अगदी निर्धास्तपणे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "मठात."

तिने टोपली उचलून पाठीला बांधली, गाठ नीट बसेना म्हणून पुन्हा बांधली आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारावर पाव आला नाही.

तिसऱ्या दिवशी मला राहवेना. इहिनियोसाहेबांच्या घरी जाऊन मी सगळं ओकले. लिओनोर कुणी नव्हती, कागद नव्हते, मी खोटं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांचे डोळे पाणावले.

"केवढं मन तुमचं! एका गरीब म्हातारीसाठी स्वतःच्या ग्रंथाला खोटं म्हणता?"

मी शपथ घेतली, आवाज चढवला. जितकं ओरडले तितकी मी त्यांना थोर वाटले. माझ्या या मोठेपणाची गोष्ट त्यांनी गावभर केली. सोहळ्यात नावं पुकारली गेली, तिचं सोडून. मला लेखणी मिळाली, आणि मी ती घेतली. नाकारली असती तर आणखीच थोर ठरले असते, हे म्हणायला सोपं आहे. खरं म्हणजे मला ती हवी होती.

आठवड्याने पोन्सियानाची माफी मागायला बाजारात गेले. ती पथारीवर बसली होती. पुढ्यात खेड्यातून आलेली एक तरुण बाई पाव निवडत होती.

"आजी, लढाईत पावातून चिठ्ठी नेली ती कोण हो? सोहळ्यात सांगत होते म्हणे."

पोन्सियानाने मला पाहिलं होतं. तिने मान वळवली.

"लिओनोर. मार्किसची लेक. दुधासारखी गोरी, हातात लेसचा रुमाल. बग्गीतून गेली."

"अगंबाई! तुम्ही पाहिली होती?"

"पाहिली तर! पाव माझ्याकडचाच होता तो."

"भाग्याच्या हो तुम्ही," असं म्हणून त्या बाईने आणखी दोन पाव घेतले.

ती गेल्यावर पोन्सियानाने माझ्याकडे बघितलं. राग दिसला असता तर बरं वाटलं असतं.

"किती देऊ, बाई?"

"चार," मी म्हणाले.