आर्लिसने भरलेली कणगी

मी एक जुनी शेगडी आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरात एका जागी बसलेली नव्हे. चाकांवरच्या घराच्या पोटात निजणारी, मुक्काम पडला की अंगणात येणारी, धुरावर अन्न शिजवणारी शेगडी. मला कोळसा लागत नाही, सरपणही लागत नाही. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या मी खाते, बोटाच्या पेराएवढ्या. माझ्या कुशीला एक पेटी आहे, तिच्यात त्या भरायच्या. पेटीच्या तळाशी मळसूत्राचा दांडा सावकाश फिरतो आणि एकेक कांडी आगीच्या वाटीकडे ढकलतो. छोटासा पंखा फुंकर घालतो. फुंकणी घेतलेलं कुणी जणू माझ्या पोटातच बसलंय. तेवढ्यासाठी विजेची एक वायर लागते. बाकी माझं कुणाकडे मागणं नाही.

त्या पेटीला दुकानातला माणूस काहीतरी वेगळंच म्हणत होता. माझा मालक डेल्मर तिला कणगी म्हणायचा, म्हणून मीही कणगीच म्हणते. डेल्मरची सगळी हयात अमेरिकेतल्या नेब्रास्कात, धान्याच्या कोठारात गेली. शेतकऱ्याचा मका आला की तो कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, मूठ नाकाशी न्यायचा आणि सांगायचा, ओल आहे की नाही. यंत्र मागाहून तेच सांगायचं.

माझा जन्म पत्र्याचा. कारखान्यात मला दाबलं, वाकवलं, काळा रंग देऊन भट्टीतून काढलं. दुसऱ्यांसाठी आग झेलायची तर आधी आपण आगीतून जावं लागतं, हे मला तिथेच समजलं. मग गाडीत घालून दुकानात आणलं आणि खालच्या फळीवर ठेवलं. वर माझ्या थोरल्या बहिणी उभ्या होत्या, अख्खं डुक्कर पोटात घेतील अशा. येणारा-जाणारा त्यांच्याच झाकणाला हात लावायचा.

डेल्मरही त्यांच्याचपाशी थांबला. "ही बघ. हिच्यात अख्खी टर्की राहते."

"आणि ही कुठे राहते? तुझ्या मांडीवर?" त्याची बायको आर्लिस म्हणाली.

तिने पिशवीतून सुतळी काढली. फिरत्या घराच्या पोटात सामानाचा जो कप्पा असतो, तो तिने घरूनच त्या सुतळीने मापून आणला होता, गाठ मारून. सुतळी थोरलीला लावली, ती गाठीबाहेर उरली. मधलीला लावली, तीही उरली. मग आर्लिस गुडघ्यावर बसली आणि मला सुतळी लावली. मी गाठीच्या आत बसले.

"हिच्यात तर माझा बूटसुद्धा मावायचा नाही," डेल्मर कुरकुरला.

"तुझा बूट खायचाय कुणाला? दोनच तर तोंडं आपली."

अशी मी निवडली गेले, मित्रांनो. देखणी म्हणून नव्हे, मावते म्हणून. पण मावणं हेही काही कमी सुख नाही.

घर विकून ती दोघं गाडीत राहायला आली होती. उन्हाळ्यात उत्तरेला, हिवाळ्यात दक्षिणेला, रानहंसांसारखी. मुक्कामाला पोचलं की डेल्मर चाकांखाली फळ्या सरकवून गाडी सपाट करायचा आणि आर्लिस आधी मला बाहेर काढायची, खुर्च्या नंतर. विजेच्या खांबाला माझी वायर जोडायची. मग कणगी भरायची. भरताना ती गुणगुणायची,

थोडी थोडी कांडी, थोडा थोडा धूर,
आलं गेलं माणूस राहू नये दूर.

मांसाला अक्रोडाची कांडी, माशाला सफरचंदाची, कोंबडीला चेरीची. कांडी आधी बोटांत मोडून बघायची. टक् वाजून तुटली तर चांगली, मुकाट्याने कुसकरली तर टाकून द्यायची. डुकराचा खांदा पहाटे ठेवला की दिवस मावळायला तयार. दिवसभर माझ्या अंगातून निळा, बारीक धूर निघायचा आणि अशा गाड्यांच्या सगळ्या तळावर फिरून यायचा.

त्या तळांवर एक रीत होती. शेगडीपाशी एक खुर्ची जास्तीची मांडायची आणि तिचं तोंड रस्त्याकडे करायचं. रस्त्याकडे तोंड केलेली खुर्ची म्हणजे आवतण. येणाऱ्याने नाव सांगावं, बसावं, ताटली घ्यावी. दोन तोंडांसाठी घेतलेली मी, पण दोघांचंच जेवण मी क्वचितच रांधलं. कुणी म्हणायचं, "एवढुशी आहे, पण गुणाची आहे." मी काळी, म्हणून लाजलेली दिसत नव्हते, एवढंच.

निघायच्या दिवशी डेल्मरला घाई. शेगडी बंद केली की तो लगेच वायर उपटायला वाकायचा. पण बंद झाल्यावरही माझा पंखा काही वेळ फिरत असतो. वाटीतला निखारा पुरता विझवून मगच थांबतो. मध्येच वायर काढली तर आग मागे फिरते, कणगीकडे.

आर्लिस त्याचं मनगट धरायची. "थांब. श्वास सोडू दे तिला."

"पत्र्याला कसला गं श्वास?"

"तुला सोडू देते ना मी? मग तिलाही सोडू दे."

आणि तो कमरेवर हात ठेवून, रुसल्या मुलासारखा, माझा पंखा थांबेपर्यंत उभा राहायचा.

मग टेक्सासचा किनारा आला. पाणकोळी उडत होते, हवेत मीठ होतं. त्या दुपारी आर्लिसने नवी पिशवी फोडून कणगी काठोकाठ भरली. चेरीच्या कांड्या. "उद्या कोंबडी लावू," म्हणाली. झाकण लावताना तिचा हात अर्ध्यावर थांबला. तिने दुसऱ्या हाताने तो हात धरला आणि खुर्चीत बसली. डेल्मर फळ्या रचत होता. त्याने वळून पाहिलं तेव्हा झाकण उघडंच होतं.

इस्पितळाची गाडी आली. आर्लिस गेली ती गेलीच.

समुद्राकाठी कणगी भरलेली ठेवायची नसते, मित्रांनो. खारी हवा कांड्यांत शिरते. मुक्काम हलवताना त्या काढून घट्ट डब्यात भरायच्या, हा नियम डेल्मरला पाठ होता. पण त्याने आत डोकावलंही नाही. झाकण लावलं, मला गाडीच्या पोटात सरकवलं आणि कप्प्याला कुलूप घातलं.

पुढच्या गावी त्याने माझ्यासाठी जाड खोळ आणली. पाणी न शिरणारी, नाड्यांची. दर मुक्कामी तो कप्पा उघडायचा, खोळीच्या नाड्या ओढून बघायचा, सैल वाटली तर पुन्हा बांधायचा. धूळ बसली तर ओल्या फडक्याने पुसायचा. खोळीवरून हात फिरवायचा आणि कप्पा लावून घ्यायचा. माझी एवढी काळजी आर्लिसनेही कधी घेतली नव्हती. आणि एवढी एकटी मी दुकानातल्या खालच्या फळीवरही नव्हते.

काळोखात माझ्या शेजारी पाण्याची नळी होती, फळ्या होत्या, आणि घडी घातलेली आर्लिसची खुर्ची. आम्ही सगळे रस्ता ऐकायचो. डांबर असलं की गुणगुण, पूल आला की धडधड. मुक्काम पडला की डोक्यावर एकाच माणसाची पावलं वाजायची. डबा कापल्याचा आवाज यायचा. एक चमचा, एक बशी. मग रेडिओ, मग रेडिओही नाही. बाहेरून दुसऱ्या कुणाच्या तरी शेगडीचा वास यायचा आणि खोळीपाशी येऊन परत जायचा.

आत ओल कधीच शिरलेली होती. खोळीने बाहेरचं पाणी अडवलं, पण आतली ओल बाहेर जाऊ दिली नाही. कांड्या फुगल्या, एकमेकींना चिकटल्या, मळसूत्राला आवळून बसल्या. रडू दाबलं की गळ्यात जसं अडकतं, तसं ते माझ्या तळाशी अडकलं. हे सांगायला मला तोंड नव्हतं. हात घालून बघितलं असतं तर त्याला एका मुठीत कळलं असतं. त्याच्याएवढं ते कुणाला कळणार?

पुढे ॲरिझोनाच्या वाळवंटातला तळ आला. हिवाळा सरत होता. फोनवर डेल्मर भाचीशी बोलत होता, ते मी ऐकलं. "हो, येतो ओमाहाला, तुझ्याकडे. खालची खोली चालेल मला. गाडी देऊन टाकतो. एकट्याला कशाला हवंय चाकांवरचं घर?"

त्या तळावर धुणीघरापाशी लांबलचक टेबल होतं. आपल्याला नको ते तिथे ठेवायचं, दुसऱ्याला हवं तर त्याने न्यायचं. डेल्मरने मला खोळीसकट उचललं आणि त्या टेबलावर ठेवलं.

शेजारच्या गाडीतली ओपल कपड्यांची बादली घेऊन येत होती. लुइझियानाची, आवाजाने खणखणीत, एकटीच फिरणारी. तिने बादली खाली ठेवली. "ही देऊन टाकतोयस, शेजारी? चालते का?"

"चालते."

"मग उघडून दाखव."

"उघडायची गरज नाही. चांगली आहे ती."

"खोळ तर छान आहे. आत शेगडीच आहे ना, की मांजर?"

ती नाड्या सोडायला लागली. डेल्मरने पटकन तळहात खोळीवर दाबून धरला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"कणगी भरलेली आहे," तो म्हणाला. "माझ्या बायकोने भरलेली."

ओपल बादली उचलून म्हणाली, "मग तिच्या हातचं मला कशाला देतोस? मी तर भसकन ओतून टाकीन. ते तुझं तू आधी रिकामं कर, बाबा. नंतर द्यायची तर दे."

ती कपडे वाळत घालायला गेली. डेल्मर तिथेच उभा राहिला. वारा खोळीच्या नाड्या हलवत होता. मग त्याने मला पुन्हा उचललं आणि गाडीपाशी नेलं. खोळ काढली. कणगीचं झाकण उघडलं. कितीतरी काळानंतर माझ्यात ऊन पडलं.

त्याने कोठारात घालायचा तसा हात आत घातला. हात मनगटाशीच अडला. त्याने मूठ बाहेर काढली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"ओल," तो म्हणाला. "अगं, मी भिजवली सगळी."

मग तो मांडी घालून बसला आणि आर्लिसच्या लाकडी डावाने खरवडायला लागला. वरचा थर कोंड्यासारखा, खालचा दगडासारखा. स्क्रू काढून मळसूत्राचा दांडा ओढून काढला, झटकला, पुसला. मध्येच थांबायचा, बाही डोळ्यांना लावायचा, पुन्हा खरवडायचा. निघालेला भुसा त्याने कचऱ्यात टाकला नाही. काटेरी बाभळीसारखं एक झाड तिथे होतं, त्याच्या बुडाशी पसरला.

अगदी तळात, आगीकडच्या कोपऱ्यात, मूठभर कांड्या कोरड्या राहिल्या होत्या. त्याने एक मोडली.

टक्.

त्याने त्या सगळ्या ओंजळीत घेतल्या. गाडीत जाऊन काचेची बरणी आणली, एक कांडी तिच्यात टाकलीही. बरणीचं झाकण हातात धरून तो बराच वेळ बसला. मग बरणी उलटी केली. ओपलची शेगडी मोडली होती, कांड्या पडून होत्या; त्या मागून आणल्या, दांडा परत बसवला, कणगी भरली आणि ती ओंजळ आगीच्या वाटीत ठेवली, सर्वांच्या आधी पेटेल अशी. जाळीवर कोंबडीचे तुकडे मांडले आणि मला वायर जोडली.

मी खोकले, थरथरले. दांडा अडखळत फिरला. मग पंखा लागला आणि आर्लिसच्या हातची चेरी धूर होऊन वर गेली. ती ओंजळ किती वेळ पुरणार? कोंबडीचे तुकडे अजून पांढरेच होते तेव्हा ती संपली. पण तेवढ्यात तो धूर तळभर फिरून आला.

डेल्मरने कप्प्यातून आर्लिसची खुर्ची काढली. घडी उघडताना ती करकरली. त्याने ती आधी आपल्याकडे तोंड करून मांडली. थोड्या वेळाने उठला आणि रस्त्याकडे वळवली.

खूप वेळ कुणी आलं नाही. ऊन उतरलं. मग वाळूत चपला वाजल्या.

"शेजारी, माझ्या कपड्यांना वास लागला तुझ्या धुराचा," ओपल म्हणाली. "आता ताटली दे." ती खुर्चीत बसली आणि माझ्याकडे हनुवटीने दाखवत म्हणाली, "मग, नेऊ का हिला?"

"नाही," डेल्मर म्हणाला. "खोळ ने."

सकाळी त्याने भाचीला सांगितलं, उन्हाळ्यात येईन, पाहुणा म्हणून. मग माझ्यावर न्याहारी भाजली आणि निघायची तयारी केली. मला बंद केलं, वायरीकडे वाकला, आणि वाकलेलाच थांबला. माझा पंखा फिरत होता. तो सरळ झाला, कमरेवर हात ठेवले आणि बाजूच्या रिकाम्या हवेला म्हणाला, "सोडू दे."

मित्रांनो, आजही मी त्याच गाडीच्या पोटात असते. आजही डोक्यावर एकच माणूस चालतो, आणि पुष्कळ संध्याकाळी ती खुर्ची रस्त्याकडे तोंड करून रिकामीच राहते. माझं मागणं मोठं नाही. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला नुसतं झाकून ठेवू नका. अधूनमधून झाकण उघडा. आत हात घाला. ओल असेल तर उन्हात पसरा, आणि कोरडं जे उरलं असेल, मूठभर का असेना, ते जाळा, रांधा, कुणाला तरी वाढा.

आणि निघायची कितीही घाई असली, तरी थोडं थांबा. श्वास सोडू द्या.