वाफ माझी, दोष माझा नाही

मी एक जुना जर्मनचा गंज आहे. पुण्या-मुंबईकडचे लोक माझ्यासारख्याला ॲल्युमिनियमचं पातेलं म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मी गंजच. मित्रांनो, जुनी भांडी आपली कहाणी सांगायला बसली की हमखास रडतात, असा तुमचा अनुभव असेल. माझ्याकडून ती आशा ठेवू नका. माझ्या अंगाला पोचे आहेत, बूड काळंठिक्कर आहे आणि एकदा मला घराबाहेर फेकलेलं आहे. तरीही मी मान खाली घालणार नाही, कारण माझं काही चुकलं नव्हतं.

माझा जन्म गोंदियाच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी दुकानात आलो आणि तिथून शेवंताबाईंच्या लग्नात, त्यांच्या मामांनी दिलेलं आंदण म्हणून, लांजीजवळच्या या गावात. दुकानदारानं माझ्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी ‘शेवंताबाई’ असं नाव कोरलं होतं. टोचताना दुखलं, पण आपण कुणाचे हा प्रश्न मला पुन्हा कधी पडला नाही. मी आंघोळीचं पाणी तापवलं, धान उकडलं, पाहुण्यांचा भात शिजवला. चुलीला कधी नाही म्हटलं नाही.

पण नाव झालं ते वाफेमुळे. शेजारचे भैयालाल उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. सुट्टीला बसनं घरी यायचे ते नाकात धूळ आणि डोक्यात सर्दी घेऊनच. शेवंताबाई माझ्यात पाणी उकळून मला चुलीवरून उतरवायच्या आणि जमिनीवर ठेवायच्या. भैयालाल डोक्यावरून चादर घेऊन, जरा अंतर ठेवून माझ्यासमोर बसायचे. थोड्या वेळानं लालबुंद तोंडानं बाहेर यायचे, अंगणात जाऊन नाक शिंकरायचे आणि म्हणायचे, “वैनी, जान वापस आली.” मग सगळी आळी मला ‘वाफेचा गंज’ म्हणू लागली.

खरं काय ते मीच सांगतो. मी जादू करत नाही. तुमच्या नाकात एक छोटासा गंज आधीपासूनच आहे. तुम्ही श्वास घेता तेव्हा नाक ती हवा कोमट करतं, ओली करतं आणि मगच आत सोडतं. थंडीची कोरडी हवा आणि खाणीची धूळ यांनी ते बिचारं सुकतं. आतला शेंबूड घट्ट होतो, खपल्या धरतात. माझी वाफ त्या खपल्या भिजवते, शेंबूड पातळ होतो आणि वाट थोडी मोकळी होते. बस्स, माझं काम इतकंच. सर्दी तिच्या मनाला येईल तेव्हा जाते. मी हे कुणापासून लपवलं नाही, मला कुणी विचारलंच नाही.

गेल्या श्रावणात शेवंताबाईंची मुलगी मंजुषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतिणीची खोली बंद ठेवतात. खाटेखाली शेगडी, शेगडीत ओव्याची धुरी. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींतही चिंध्या कोंबतात. शेवंताबाईंनी हे सगळं मनापासून केलं. त्यांच्या आईनंही त्यांच्यासाठी असंच केलं होतं.

आणि बाळाला सर्दी झाली. मित्रांनो, तान्ह्या बाळाचं तोंड दूध पिताना गुंतलेलं असतं, श्वास येतो तो नाकातूनच. नाक चोंदलं की बाळ घोटभर पितं, सोडून देतं आणि रडतं. पोरगी सकाळपासून तेच करत होती. दुपारपर्यंत तिचं रडणंही बारीक झालं होतं. मंजुषाचा पदर दुधानं भिजला होता आणि पोरीचं पोट रिकामं होतं.

शेवंताबाईंनी शेगडी खाटेखालून बाहेर ओढली आणि मला आणून तिच्यावर चढवलं. श्रावणातली हवा मुळातच इतकी ओली की बरणीतल्या मिठाला पाणी सुटलेलं. त्यात माझी वाफ आणि वर धुरीचा धूर. भिंतींना घाम फुटला.

“आई, मलेच श्वास घ्याले जड जाऊन राह्यलं,” मंजुषा म्हणाली. “पोरीचं काय होत असन?”

“भैयालालचं नाक खुलते, तं हिचं काहून नाही खुलणार?” शेवंताबाईंनी विचारलं.

काहून नाही ते ऐका. नाकाला हवा ओळखू येते ती तिच्या गारव्यावरून. बाहेरची हवाच नाकाच्या आतल्याइतकी कोमट आणि ओली झाली, तर ती आत गेलेली नाकाला कळत नाही आणि उघडं नाकही बंद वाटतं. मंजुषाचं तेच झालं होतं. पोरीचं नाक तर खरंच भरलेलं होतं आणि धूर ते आणखी सुजवत होता. भैयालाल उघड्या घरात बसायचे, वाटलं की चादर फेकून उठायचे. त्या एवढ्याशा जिवाला कुठं उठता येणार होतं?

शेवंताबाईंनी पोरीला उचललं आणि माझ्या तोंडावर धरायला आणलं. माझ्या पोटात तेव्हा पाणी खळखळत होतं. मला तोंड फिरवता येत नाही. पण उकळतं पाणी कुणाचं ऐकत नाही. एक थेंब उडाला, शेवंताबाईंच्या मनगटावर पडला आणि त्या झटक्यानं मागं सरल्या. तो थेंब मीच उडवला, असं मी आजही ठासून सांगतो. पटत नसेल तर नका मानू.

तेवढ्यात मंजुषा खाटेवरून उठली. तिनं चिंध्या ओढून काढल्या, खिडकी सताड उघडली आणि पोरीला आईच्या हातातून घेतलं.

“माह्या लेकराले हवा पाहिजे, आई. मी दवाखान्यात चालली.”

शेवंताबाईंनी अडवलं नाही. फक्त वारा लागू नये म्हणून मंजुषाच्या कानांना फडकं बांधून दिलं. भावाच्या मोटारसायकलवर बसून ती लांजीला गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला हिंदीत समजावलं, ते तिनं घरी येऊन सांगितलं. छाती साफ होती, नाकच काय ते भरलेलं. दूध पाजण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब टाकायचे. धुरी नको, बाळाला वाफ तर मुळीच नको. बाळ पिईनासं झालं किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढू लागलं, तर एक क्षणही घरी थांबायचं नाही. थेंब टाकल्यावर पोरगी दवाखान्यातच पोटभर प्यायली होती.

शेवंताबाईंनी सगळं ऐकलं, मनगटावरच्या फोडाकडे पाहिलं आणि मला उचलून गुरांच्या कोठ्यामागं भिरकावलं.

“यानंच केलं सारं,” त्या म्हणाल्या.

यानं? खोली मी बंद केली होती? धुरी मी घातली होती? माझा काठ दगडावर आपटून वाकला, माझ्यात पावसाचं पाणी साचलं, कोंबड्या माझ्यात चोच घालू लागल्या. मी रागानं नुसता धुमसत होतो. त्या थंड पाण्यातही माझा राग निवला नाही.

म्हणून मित्रांनो, ही माझी विनंती नाही, ताकीद आहे. मला चुलीवरून उतरवून सपाट जागी ठेवा आणि अंतर राखून बसा. लहान मुलांना माझ्याजवळ आणू नका. मी किती उपयोगाचा आहे आणि कुठं नाही, ते आधी समजून घ्या. मग खुशाल वापरा. पण आपली चूक भांड्यावर ढकलू नका.

कार्तिकात थंडी पडली आणि शेवंताबाईंचं नाक चोंदलं. तोंड उघडं टाकून झोपायच्या, पण वाफेचं नाव काढत नव्हत्या. एका सकाळी मंजुषानं मला कोठ्यामागून आणलं, राखेनं घासलं आणि चुलीवर चढवलं. पोरीला तिनं अंगणात भावाकडे दिलं. मला जमिनीवर ठेवून दार उघडं ठेवलं आणि आईला हाक मारली.

“बस आई. तुले कोनी काही म्हनत नाही.”

शेवंताबाई बसल्या. चादर आमच्या दोघांवर पडली. आत अंधार होता आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर. मग त्यांनी पदर हाताशी गुंडाळून, माझ्या काठाखाली जिथं त्यांचं नाव आहे तिथं बोटं टेकवली.

चादरीबाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे आणि नाक दोन्ही वाहत होती. मंजुषा म्हणाली, वाफेनं चांगलं पाणी सुटलं. शेवंताबाई हौ म्हणाल्या. मी आत होतो. मला ठाऊक आहे ते कशानं होतं. मी सांगणार नाही.