एकादशीचा कंद

सन एकोणीसशे शहात्तर, माघ शुद्ध एकादशी; स्थळ पिंपरी, कारखान्यातील एका जर्मन तंत्रज्ञाच्या बंगल्याचे परस. सकाळच्या शिफ्टचा भोंगा होऊन गेला होता, आणि त्या बंगल्यात स्वयंपाकाला असलेली भिमाबाई वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून, मातीतून वर येणाऱ्या एका वस्तूकडे डोळे विस्फारून पाहत होती.

वस्तू कुरूप होती, यात वाद नाही. नारळाएवढी, गाठाळ, खाली मुळांच्या जटा लोंबणारी. तंत्रज्ञाच्या पत्नीने, बाईसाहेबांनी, ती उपटून झटकली आणि सुरीने उभी चिरली. आत हस्तिदंतासारखा गर! ओवा आणि कोथिंबीर एकत्र चुरगळावी तसा वास परसभर दरवळला. भिमाबाईने तोंडावर हात ठेवला. एवढ्या ओंगळ सालीआड एवढे शुभ्र काही दडवून ठेवणाऱ्याची तिला कमाल वाटली.

"सेलरी का जड," बाईसाहेब आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या; सेलरी नावाच्या पालेभाजीचे हे मूळ. "साब को शुगर. बटाटा बंद. ये चालू."

भिमाबाई चपापली. दापोडीच्या चाळीत तिच्या सासूलाही, सोजराबाईलाही, हेच दुखणे होते. डॉक्टरांनी बटाटा, साबुदाणा, रताळे सारे बंद केले होते आणि उपाशी राहण्यासही बजावून मना केले होते. "मंग एकादशी कशावर करू? वाऱ्यावर?" असे त्यांनाच विचारून म्हातारीने मागची एकादशी निव्वळ पाण्यावर काढली, आणि सायंकाळी नळावर घेरी येऊन पडली. आजही तिने पहाटेपासून तोंडात काही घातले नव्हते.

"मॅडम, सासूला उपास हाय. तिलाबी शुगर. पर परमुलखातलं देवाला चालंल का?"

बाईसाहेब हसल्या. "तुम्हारा बटाटा भी जहाज से आया, भिमाबाई!" आणि त्यांनी वाफ्यातला सर्वांत मोठा कंद उपटून तिच्या ओटीत घातला.

दुपारी दापोडीला येताच भिमाबाईने अर्धा कंद चिरला. तुपात जिरे, हिरवी मिरची. वर दाण्याचे कूट. फोडी थेट बटाट्यासारख्या दिसत होत्या. बटाटा म्हणून ताट पुढे सरकवणे सोपे होते. पण नेम जिचा, निवाडाही तिचाच असावा, असे तिच्या मनाने घेतले.

"काय शिजीवलंस गं?" सोजराबाईने ताटाकडे नाक नेले. "बटाट्याला असा वास न्हाई येत."

"बटाटा न्हाईच, आत्याबाई. मॅडमच्या वाफ्यातला कंद हाय. धान्य न्हाई, डाळ न्हाई. मातीतलं मूळ."

"कांदाबी मातीतलाच की! चालतो व्हय उपासाला?"

भिमाबाईने ताट आणखी जवळ सरकवले.

"आन् बटाटा कसा चालतो मग?"

"बटाटा आपला हाय."

"न्हाई. त्योबी सायबाच्या जहाजातनंच आलाय. मॅडम म्हनल्या."

म्हातारी थक्क झाली. "म्हंजी माज्या सासूनं साऱ्या एकादश्या सायबाचं खाऊन केल्या?"

"व्हय."

"आन् इठोबानं चालवून घेतलं?"

"घेतलंच की. सासूबाई तर नव्वदीला गेल्या तुमच्या."

"गेली खरी. मरूस्तवर मला बोल लावीत व्हती." सोजराबाई हसता हसता थांबली. तिने उरलेला कच्चा अर्धा कंद ओंजळीत घेतला. जटांवरून बोटे फिरवली, गराला नाक लावले, आणि एखाद्या तान्ह्या जिवाकडे पाहावे तशी कितीतरी वेळ पाहत राहिली. "कुठली माती, कुठलं बी," ती पुटपुटली. "पिंपरीत येऊन वाढलं. त्याची करणी."

ताटावर तिने तुळशीचे पान ठेवले आणि ते विठोबाच्या तसबिरीपुढे धरले. मग एक फोड तोंडात घातली. आता तिने ताट दूर लोटले असते, तर पुन्हा पाण्यावरच दिवस निघाला असता.

सोजराबाईने सावकाश चावले, गिळले, दुसरी फोड उचलली.

"बटाट्याची सर न्हाई," ती म्हणाली. "पर उपासाला चालतंय."