दोन आठवड्यांचा गंडा

धाड गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी गोकुळबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नसायची. "गंडा बांधा, आठ दिवसात मन थाऱ्यावर," असं बाबा म्हणायचा आणि बरी झालेली माणसं पुढे येऊन त्याच्या पाया पडायची.

त्यात माझी धाकटी बहीणही होती. चार महिने अन्नपूर्णाला झोप नव्हती. घरातून अंगणात, अंगणातून घरात, दिवसभर येरझारा. मी शाळेत विज्ञान शिकवते. मीच तिला दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या, पण दोन आठवडे काहीच फरक नाही. मग तिच्या नवऱ्यानं, कडूबानं, तिला गंडा बांधून आणला. आठवड्यात ती शांत झोपू लागली.

"अक्का, बाबा म्हणते आता गोळ्या फेकून द्या," कडूबा म्हणाला.

"पुढच्या बाजारापर्यंत थांबा," मी म्हटलं. जीव माझाही टांगणीला लागला होता. फरक तर मीही पाहिला होता.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "गोळीमुळे मेंदूतल्या सेरोटोनिनवर लगेच परिणाम होतो. पण पेशींमधले जोड त्यानंतर हळूहळू बदलतात. बरं वाटायला तीन-चार आठवडे लागतात, ते बहुधा म्हणूनच. एकदम सोडू नका, आजार उलटेल."

पुढच्या बाजारी मी मांडवाच्या दाराशी बसले. बाबाची चेली सिंधूताई प्रत्येकाला विचारत होती, "दवाखान्याच्या गोळ्या कधीपासून चालू हायेत?"

"चार दिवस झाले," एक बाई म्हणाली.

"तुहे ग्रह बरोबर नाहीत. दोन आठवड्यानं ये."

मागच्या माणसाला सोळा दिवस झाले होते. त्याला लगेच आत घेतलं. दुपारपर्यंत असंच चाललं: गोळ्यांचे दोन आठवडे झालेले आत, बाकीचे परत. मग मी आत गेले.

"बाबा, गोळ्या न घेणाऱ्या एकाला तरी गंडा बांधून दाखवा."

"अश्रद्धेपुढं शक्ती चालत नाही."

"मग तुमचे ग्रह गोळ्यांचे दिवस काऊन मोजून राह्यले? गोळीचा गुण तीन-चार आठवड्यांनी येतो, म्हणूनच ना?"

मांडवात कुजबुज सुरू झाली. जो तो शेजाऱ्याला दिवस विचारू लागला. मागून गावातले माणिकराव उठले. "याच्या सांगण्यावरून म्या गोळ्या सोडल्या. झोप पुन्हा गेली. तं म्हणे, तुही श्रद्धा कमी पडली."

बाबा उठून पडद्याआड गेला. गर्दीत उभ्या असलेल्या कडूबानं बाबाच्या पायाशी टाकायला आणलेलं गोळ्यांचं पाकीट खिशातच घट्ट धरलं आणि तो घराकडे चालू लागला.

बरं वाटलं, की कशानं वाटलं ते आधी तपासा. आणि गोळी थांबवायची की नाही, ते डॉक्टरांनाच विचारा.